टिटिकावेकाचं वळण

हात पुढे करून ती बाई रस्त्याकडेला उभी होती आणि पापा रोंगोंनी बस थांबवली नाही.

वेगही कमी केला नाही. तिची उन्हाची टोपी, खांद्यावरची कापडी पिशवी आणि तो पुढे केलेला हात खिडकीतून मागे सरकला, तसं बसमधलं बोलणं एकदम तुटलं. माझ्या शेजारी पोको बसली होती. ती वळून बघेल असं मला वाटलं होतं, पण तिने समोरची नजर हलवली नाही. मांडीवरच्या टोपलीची मूठ मात्र घट्ट धरली आणि म्हणाली, "बरं केलंत, पापा."

पापांनी गिअर बदलला.

आमच्या बेटाला मोठा रस्ता एकच. समुद्राच्या कडेने गोल फिरून जिथून निघाला तिथेच परत येणारा. त्यावर दोन बसगाड्या. एक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, दुसरी तिच्या उलट. पापा रोंगो सुलट बसवर होते, माझ्या शाळेच्या दिवसांपासून. वडीलधाऱ्या पुरुषांना आम्ही सगळे पापाच म्हणतो. थांबे आहेत, पण नावाला. हात केला की बस थांबते, आणि पापा तर हात न करणाऱ्यांसाठीही थांबायचे. एखादी म्हातारी दाराला कुलूप लावताना दिसली की इंजिन बंद करून खिडकीतून ओरडायचे, "सावकाश या आई, बेट कुठे पळून जात नाही!" फिरायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, ही बस मुरीला जाते का, तर गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "ही पण जाते, ती पण जाते. घाई असेल तर चालत जा." बस किती वाजता येते, या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं, "मी आलो की."

असा माणूस एका हाताला ओलांडून गेला होता. मी बेकरीत कामाला आहे, पाव घेऊन शहरातल्या दुकानात जाते, रोज त्याच बसने. इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं.

त्या बाईचं नाव मारेन. डेन्मार्कची, साठीला आलेली. तिच्या गाडीखाली पापांची बायको गेली होती. अकाईती. पोकोची थोरली बहीण.

झालं होतं ते अगदी साध्या दुपारी. टिटिकावेकाला चर्चच्या अलीकडे रस्ता वळतो, तिथून थोड्या अंतरावर समुद्राकडे जाणारी एक वाळूची वाट आहे. मारेन भाड्याची गाडी घेऊन तिथे पोहायला आली होती. पोहणं झालं, केस पुसले, गाडी रस्त्यावर घेतली. रस्ता मोकळा होता, आणि तेच वाईट झालं. समोर एखादी गाडी असती तर तिच्याकडे बघून हिला आठवलं असतं की इथे डावीकडून चालवतात. गाडी देणाऱ्यांनी काचेवर तसं लिहूनही लावलं होतं. पण मोकळ्या रस्त्यावर माणसाचे हात आपल्या घरच्या सवयीने जातात. ती उजवीकडे वळली आणि उजवीकडूनच निवांत निघाली, समुद्र बघत. वळणावर समोरून अकाईती आली. स्कूटरवर, आपल्या बाजूने, चर्चमधल्या गाण्याच्या सरावाला. डोक्यावर अनंताच्या ताज्या फुलांचा मुकुट होता. हेल्मेट हँडलच्या हुकाला.

पापा तेव्हा बेटाच्या पार दुसऱ्या बाजूला होते. नेहमीच्या फेरीने वळणाशी आले तेव्हा मी बसमध्ये होते. रस्त्यात गाड्या थांबलेल्या. पोलिसातला तुपूई पापांचा भाचा लागतो. तो बसच्या पायरीवर चढला आणि त्याला तोंडातून शब्द काढता येईना. पापांनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. स्कूटर आडवी पडली होती. अकाईतीला घेऊन गाडी इस्पितळाकडे गेली होती, पण काही उपयोग नाही हे तुपूईच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. पापांनी ब्रेक ओढला, किल्ली काढून त्याच्या हातात दिली आणि मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आई तेरेआकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यांना घरापर्यंत सोड. गुडघा दुखतोय त्यांचा." मग खाली उतरले.

अकाईतीला घरासमोर पुरलं. आम्ही सगळे तसंच करतो, आपली माणसं अंगणातच ठेवतो. पापांचं घर रस्त्यालगत, त्यामुळे प्रत्येक फेरीला त्यांची बस तिच्यासमोरून जायची. ते भोंगा वाजवत नसत, मान वळवत नसत. बस तिथे जराशी हळू व्हायची, एवढंच. नवख्या माणसाला कळलंही नसतं.

मारेनचा पासपोर्ट पोलिसांनी ठेवून घेतला, गाडीचा परवानाही काढून घेतला. मोठ्या खटल्यांसाठी न्यायाधीश न्यूझीलंडहून विमानाने येतात, ते येईपर्यंत तिला बेट सोडता येणार नव्हतं. हॉटेलातून निघून तिने टिटिकावेकालाच एका घरामागची खोली घेतली. तिला कोणी दगड मारले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. आमच्यात तसं करत नाहीत. ती दुकानात शिरली की बोलणं बंद व्हायचं आणि ती बाहेर पडली की पुन्हा सुरू व्हायचं.

तिला ठरल्या दिवशी शहरात जाऊन पोलिसांकडे हजेरी लावावी लागे. उलट्या बसचा गिअरबॉक्स गेला होता, नवा जहाजाने यायचा होता, आणि जहाज आमच्याकडे येतं तेव्हा येतं. राहिली पापांची बस. म्हणून तिने हात केला होता. ही बस कोणाची हे तिला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. पहिल्या वेळी नसेलही. नंतर मात्र नक्की कळलं असणार, कारण तिने पुन्हा कधी हात केला नाही. ती चालत जायला लागली. बसचा आवाज आला की रस्ता सोडून गवतात उभी राहायची, नजर खाली घालून, बस जाईपर्यंत.

सुरुवातीला आम्हाला त्यात काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. पण आमच्याकडचं ऊन आणि तो लांबचा रस्ता. दिवस जात राहिले तशी तिची चाल बदलली, पायाला पट्टी दिसायला लागली. एका सकाळी आई तेरेआने मागून विषय काढला.

"रोंगो, ती आज पण चालतेय रे."

"पाय आहेत तिला," पापा म्हणाले.

"माझ्या बहिणीला पण होते," पोको म्हणाली.

आई तेरेआ गुडघा चोळत खिडकीबाहेर बघायला लागली. पण मला एक गोष्ट ठाऊक होती. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आणि उकडलेला कंद असा एक झाकलेला वाडगा अधूनमधून त्या खोलीच्या पायरीवर ठेवलेला असायचा. कोण ठेवतं ते मारेनला माहीत नव्हतं. आई तेरेआचं घर तिथून दिसतं.

पोको माझी बालपणीची मैत्रीण. तिचा राग मला समजत होता. अकाईतीने तिला वाढवलं होतं, आई लवकर गेल्यामुळे. दोघी चर्चमध्ये एकमेकींना खेटून गायच्या, अकाईती वरच्या सुरात आणि पोको तिच्याखाली. आता रविवारी पोको ओळीत उभी राहायची पण तोंड उघडायची नाही. "माझा सूर कुठे लावायचा तेच कळत नाही," ती मला म्हणाली होती.

मग तो पावसाचा दिवस आला.

पाऊस असा की काचेवरचा वायपर हलतोय की नाही हेच कळत नव्हतं. पापा हळू चालवत होते. टिटिकावेकाच्या वळणाअलीकडे मारेन रस्त्याकडेने चालताना दिसली, डोक्यावर छत्री, छत्रीची एक काडी मोडलेली. बसची चाहूल लागली तशी ती गवतात सरकली. तेवढ्यात समोरून, वळणातून, एका स्कूटरवर दोन पाहुणी पोरं आली. अंगात शर्ट नाही, डोक्यावर काही नाही, आणि थेट आमच्या बाजूने. पापांनी ब्रेकवर उभंच राहावं तसा पाय दाबला. बस घसरली, आम्ही समोरच्या बाकांवर आपटलो, माझ्या पिशवीतले पाव सगळीकडे उडाले. स्कूटर बसच्या अंगाला घासून गेल्यासारखी निसटली. मागे बसलेल्या पोराने हसत हात जोडले आणि ती पुढे निघाली. अजूनही चुकीच्याच बाजूने.

आणि मारेन पळत सुटली. छत्री टाकून, त्या पोरांच्या मागे, रस्त्याच्या मधून, पट्टी बांधलेल्या पायाने. "डावीकडे! डावीकडे!" ती ओरडत होती. आवाज फाटला होता. पोरं केव्हाच दिसेनाशी झाली तरी ती थांबेना. मग एकदम गुडघ्यांवर बसली, भर रस्त्यात, पावसात.

पापा आरशात बघत होते. बस बंद पडली होती आणि ते आरशात बघत होते. शेवटी दार उघडून उतरले. ते तिच्याजवळ गेले, काही बोलले असतील तर आम्हाला ऐकू आलं नाही. त्यांनी तिला हात दिला नाही, ती उठेपर्यंत नुसते शेजारी उभे राहिले, गाड्या येतील त्या बाजूला तोंड करून. मग पुढे ते आणि मागे ती, अशी दोघं बसमध्ये चढली. तिच्या अंगावरून पाणी गळत होतं. ती पुढच्या बाकावर बसली.

पोको उठली.

"मला इथे उतरायचंय."

"एवढ्या पावसात? पोको, वेडेपणा करू नकोस," मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

"त्या बाकावर अकाईती बसायची," ती पापांना म्हणाली. "टाऊनला जाताना. तिथेच."

"माहितीये," पापा म्हणाले.

"माहितीये आणि तिथे बसवलंत?"

पापांनी दार उघडलं. पोको टोपली डोक्यावर धरून उतरली. मीही उतरायला हवं होतं, पण नाही उतरले. खाली पडलेले पाव गोळा करत राहिले.

शहरात शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मी पिशवी आवरत मागे राहिले होते, मारेन जागची हलली नव्हती. पापांनी इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले.

"वकिलाने सांगितलंय, तुमच्याशी बोलायचं नाही," ती इंग्रजीत म्हणाली.

"मग नका बोलू."

तिने ओल्या केसांतलं पाणी पिळलं. मग म्हणाली, "ती माझ्याशी बोलली होती. म्हणजे... मी तिच्याजवळ बसले होते. लोक येईपर्यंत. ती दोन-तीन शब्द बोलली. मला तुमची भाषा येत नाही. पण मी शाळेत मुलांना गाणं शिकवते, शिकवायचे. ऐकलेलं माझ्या लक्षात राहतं. विसरू नये म्हणून मी रोज सकाळी म्हणते. पोलिसांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या पद्धतीने लिहून घेतलं, पण मला वाटतं त्यांना ते नीट कळलं नाही. माझा उच्चार चुकतो."

पापा वळले नाहीत.

"म्हणू का?"

पापांनी नाही म्हटलं नाही.

"का उआ," ती म्हणाली. "ते काकाउ."

शब्द वेडेवाकडे होते, जिथे लांबवायचं तिथे तोडलेले. मला पहिल्यांदा कळलेच नाहीत. पापा म्हणाले, "परत." तिने परत म्हटलं. "परत." तिसऱ्यांदा ती डोळे मिटून म्हणाली, आणि या वेळी त्या शब्दांत आवाजाचा जो चढउतार होता तो अकाईतीचा होता. थोडं वैतागलेलं, थोडं हसणारं. अंगणाच्या दारातून नवऱ्याला हाक मारावी तसं.

पापांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.

"काय अर्थ आहे?" मारेनने विचारलं. "मला वाटायचं प्रार्थना असेल. किंवा मला शाप देत असेल."

"पाऊस येणार," पापा म्हणाले. "कपडे."

तिला समजलं नाही.

"घरी दोरीवर कपडे वाळत होते. त्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला. ती मला सांगत होती, कपडे काढा. रोज सांगायची. मी रोज विसरायचो."

मारेनने तोंडावर हात ठेवला. तिने विचारलं, "मग... काढले?"

"पोकोने काढले. पुरून झाल्यावर. तोवर भिजून वाळून परत भिजले होते." पापांनी नाक पुसलं. "माझा निळा शर्ट होता त्यात. त्याचा रंग गेला."

मग ते दार उघडून म्हणाले, "जा. पोलीस जेवायला निघून जातील."

त्या दिवसापासून बस तिच्यासाठी थांबायला लागली. ती चढायची, मागच्या एका कोपऱ्यातल्या बाकावर बसायची. तो पुढचा बाक तिने पुन्हा घेतला नाही. पापा तिच्याशी बोलत नसत, तिच्याकडे बघत नसत. आई तेरेआ मात्र आता उघडपणे तिच्या शेजारी जाऊन बसायची आणि तिला आपल्या गुडघ्याची सगळी हकिगत ऐकवायची, आमच्या भाषेत. मारेन मान हलवायची. पोको बसने यायची बंद झाली. शेजारच्या कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून जायची. रस्त्यात बस शेजारून गेली तर तोंड फिरवायची.

न्यायाधीश आले तेव्हा निम्मं बेट कोर्टात होतं. बाकं पुरली नाहीत, लोक खिडक्यांशी उभे. मारेनने गुन्हा कबूल केला. तिचा वकील आमच्यातलाच, तरुण, बाहेर शिकून आलेला. शिक्षा कमी व्हावी म्हणून तो बोलत होता. बाईंची चूक आहे, पण हेतू नव्हता, वगैरे. मग कागद उलटत म्हणाला, "आणि हेही लक्षात घ्यावं की मृत महिलेच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. डॉक्टरांच्या मते, असतं तर—"

खोलीत एक आवाज उठला, समुद्राची लाट खडकावर येण्याआधी उठतो तसा. पोको उभी राहिली होती. पण तिच्याआधी मारेन उठली.

"ते बोलू नका," ती आपल्याच वकिलाला म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं होतं, ते बोलू नका."

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. ती बसली. वकील लालेलाल झाला होता.

नंतर न्यायाधीशांनी पापांना विचारलं, त्यांना काही सांगायचं आहे का. पापा रविवारचा पांढरा शर्ट घालून आले होते. ते उभे राहिले आणि आधी बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले.

"तो पोरगा बोलला ते खरं आहे," ते म्हणाले. "हेल्मेट हुकाला होतं. नेहमीच असायचं. ती म्हणायची, फुलं चुरगळतात. मला दिसायचं, पण मी कधी बोललो नाही. मुकुट तिला छान दिसायचा, म्हणून नाही बोललो." त्यांनी मान वर केली आणि खिडक्यांशी उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं. "बाहेर स्कूटरी लावल्यात तुमच्या. सगळ्यांची हेल्मेटं हुकालाच आहेत. मी येताना बघितली."

खिडकीशी उभ्या असलेल्या एकाने मागे वळून बाहेर पाहिलं.

"पण ती आपल्या बाजूने जात होती," पापा म्हणाले. "हे पण लिहा. ती आपल्या बाजूने जात होती."

"लिहिलं आहे," न्यायाधीश म्हणाले.

"ही बाई... हिचे हात तिकडे गेले. आता बस चालवताना माझे हात मला विचारत नाहीत, आपले आपण जातात. आधी मला त्याचं बरं वाटायचं. आता भीती वाटते." त्यांनी कपाळ पुसलं. "तिला तुरुंगात घातलंत तर आमच्यातलंच कोणीतरी तिला रोज जेवण नेऊन देईल. मला माहितीये कोण देईल. मला ते नकोय. मला ती रोज दिसायला नको. तिला घरी जाऊ द्या."

ते बसले. मी त्यांच्या मागेच होते. शर्टाची पाठ घामाने चिकटली होती.

न्यायाधीशांनी दंड केला, गाडी चालवायला बंदी घातली, आणि पासपोर्ट परत द्यायला सांगितला. तेवढंच. काहींना ते फार कमी वाटलं. मला काय वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

बाहेर आंब्याच्या झाडाखाली पोकोने पापांना गाठलं.

"सगळ्यांसमोर तिचीच चूक काढलीत," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाची."

"चूक नाही काढली, पोरी. मला जे दिसायचं ते सांगितलं."

"मग मला पण दिसायचं! मी पण काही बोलले नाही! मीच तर करून द्यायचे तिला मुकुट, आणि तुम्ही—" ती तिथेच मुळांवर बसून रडली. पापा शेजारी टेकले. त्यांनी तिला समजावलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. मी दोघांसाठी नारळपाणी आणायला गेले, आणि परत आले तरी ते तसेच बसलेले होते.

मारेन गेली त्या दिवशी बसने विमानतळावर गेली. आमच्याकडून निघणाऱ्या पाहुण्याच्या गळ्यात फुलांचे हार असतात, इतके की हनुवटी दिसत नाही. तिच्या गळ्यात एकही नव्हता. आई तेरेआने तिला कागदात बांधून काहीतरी खायला दिलं होतं, ते ती दोन्ही हातांनी धरून बसली होती. पापांनी तिची बॅग उतरवून दिली. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पापा म्हणाले, "उशीर होईल," आणि परत आपल्या जागेवर चढून बसले. विमानाला अजून भरपूर वेळ होता, हे बसमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

त्यानंतरचे काही आठवडे तसेच गेले. पोकोने पुन्हा बसने यायला सुरुवात केली. कधी, कशी, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मागे बसायची, एकटी. पापा पाहुण्यांना चालत जा म्हणून सांगत नसत आता. नवी माणसं भाड्याच्या गाडीची चौकशी करताना ऐकली की मध्येच म्हणत, "डावीकडून. रस्ता मोकळा असला तरी." पाहुणे हसून मान डोलवत. पापा हसत नसत. चर्चमध्ये काही बायकांनी मुकुट पिशवीत घालून आणायला सुरुवात केली, दारात पोचल्यावर घालायच्या. काहींनी नाही केली. आमचं बेट आहे ते असं आहे.

एका सकाळी बस टिटिकावेकाच्या वळणाशी आली तर समोर रस्ताखात्याची माणसं होती. नारिंगी शंकू मांडले होते. आमच्या बाजूच्या रस्त्यावर एकाने वाकून पांढऱ्या रंगाचा मोठा बाण रंगवला होता, त्याचं काम नुकतंच संपलं होतं. तो बाण कुठे आहे ते आम्हाला सगळ्यांना कळलं, अकाईतीची स्कूटर आडवी पडली होती तिथेच. पुढे झेंडी घेऊन एक जण उभा होता, तोंडावरून पलीकडच्या आरोरांगी गावचा वाटला.

"पापा, उजवीकडून काढा की!" तो ओरडला. "समोरून कोणी नाहीये, मी बघतो ना! रस्ता मोकळा आहे!"

पापांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्यांनी बाणाकडे पाहिलं, मग उजव्या बाजूच्या मोकळ्या रस्त्याकडे.

"वाळायला किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"वाळायला? आता लागेल की थोडा. ऊन आहे म्हणून बरं. पण तुम्ही निघा ना बाजूने, सगळे तसेच चाललेत सकाळपासून."

"नको," पापा म्हणाले. "थांबतो."

त्यांनी इंजिन बंद केलं. झेंडीवाला काही बोलणार होता, पण रंगाचा डबा घेतलेल्या म्हाताऱ्या गड्याने त्याच्या दंडाला हात लावला आणि त्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं. त्याने झेंडी खाली घेतली.

बस भरलेली होती. कोणाला कामावर जायचं होतं, कोणाला इस्पितळात. माझे पाव दुकान उघडायच्या आत पोचायला हवे होते. मागे एका पाहुण्याने घड्याळ बघून बायकोला काहीतरी विचारलं, तिने खांदे उडवले. आमच्यातलं कोणी बोललं नाही. आई तेरेआने पदराच्या टोकाने वारा घ्यावा तसा आपल्या झग्याचा कोपरा हलवत डोळे मिटून घेतले.

मग मागच्या बाकावरून पोको उठली. बाकांना धरत धरत पुढे आली आणि दाराजवळच्या रिकाम्या पुढच्या बाकावर बसली. पापांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दोघंही काचेतून समोर बघत होती. बाहेर उन्हात तो पांढरा बाण ओला चमकत होता, आणि हळूहळू, एका टोकाकडून, त्याची चमक जायला लागली होती.